हाताने फेकलेल्या ग्लायडरचा सुटण्याचा वेग कसा काढावा

बाल्सा या हलक्या लाकडाचा चक ग्लायडर, म्हणजे हाताने फेकायचे इंजिनविरहित विमान, हातातून सुटतो तेव्हा त्याचा वेग किती असतो, या प्रश्नाला मैदानावर मिळणारी उत्तरे बहुधा अंदाजपंचे असतात. एक जण ताशी चाळीस किलोमीटर सांगतो, तर दुसरा त्याच फेकीला शंभर देऊन मोकळा होतो. वास्तविक हा वेग पाच-सात टक्क्यांच्या आत काढता येतो, आणि त्यासाठी मोबाइल, कोनमापक, दोरा, मोजपट्टी आणि साधा कॅल्क्युलेटर यांपलीकडे काहीही लागत नाही.

मात्र मोजणी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. सुटण्याचा वेग हा एका क्षणाचा वेग असतो आणि मॉडेल हलके असेल तर तो क्षण फार लवकर मागे पडतो. या लेखात उदाहरणादाखल घेतलेल्या ग्लायडरचे वजन २५ ग्रॅम, पंखविस्तार ४५ सेंटीमीटर, पंखाची सरासरी रुंदी ८ सेंटीमीटर, म्हणजे पंखाचे क्षेत्रफळ ०.०३६ चौरस मीटर आणि नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी ४० सेंटीमीटर आहे. असे मॉडेल १९ मीटर प्रतिसेकंद (यापुढे मी/से) वेगाने ४५ अंशांच्या चढाने सुटले, तर गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध मिळून ते पहिल्या दशांश सेकंदातच सुमारे दीड मी/से वेग गमावते. त्यामुळे वेगाचा आकडा सांगताना तो कोणत्या क्षणाचा, हे सांगितले नाही तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. पुढील सर्व पद्धतींमधला खरा प्रश्न हाच आहे की, मोजलेल्या आकड्यावरून सुटण्याच्या क्षणापर्यंत मागे कसे जायचे.

गाठलेल्या उंचीवरून

सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त चुकीच्या रीतीने वापरली जाणारी पद्धत उंचीची आहे. शाळेतल्या सूत्राप्रमाणे गतिज ऊर्जेची स्थितिज ऊर्जा झाली असे मानले, तर सुटण्याचा वेग म्हणजे २ × ९.८१ × उंची या गुणाकाराचे वर्गमूळ होय. मॉडेल हातापासून १२ मीटर चढले तर हे उत्तर १५.३ मी/से, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर येते. हे उत्तर नेहमी कमी येते, कारण त्यात हवेने खाल्लेली ऊर्जा धरलेली नाही आणि माथ्यावर पोहोचल्यावरही मॉडेलच्या अंगी शिल्लक असलेला तरंगण्याचा वेग धरलेला नाही. वारा आणि वर चढणारी हवा नसेल तर याहून कमी वेगाने फेकून ती उंची मिळूच शकत नाही, एवढीच या आकड्याची खात्री देता येते.

आधी उंची नीट मोजली पाहिजे. कोनमापकाच्या मध्यबिंदूतून दोरा ओवून त्याला एखादा नट बांधला की ओळंबा तयार होतो. कोनमापकाच्या सरळ कडेवरून मॉडेलचा नेम धरायचा आणि ते माथ्यावर आले की दोरा बोटाने दाबून अंश वाचायचे. दोरा ९० पासून जितका सरकला असेल तितका तो चढाचा कोन होय. निरीक्षकाने फेकणाऱ्यापासून ३० मीटर अंतरावर उभे राहावे. कोन २२ अंश आला तर ३० × ०.४०४ म्हणजे १२.१ मीटर, त्यात डोळ्याची उंची १.६ मीटर मिळवून जमिनीपासूनची उंची १३.७ मीटर आणि त्यातून हात सुटला तेथली १.८ मीटर उंची वजा करून चढ सुमारे १२ मीटर निघतो. कोन वाचताना एका अंशाची चूक झाली तर उंचीत सुमारे ६० सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि तो सहज चालण्याजोगा आहे.

न चालणारी चूक वेगळीच असते. मॉडेल चढता चढता निरीक्षकाच्या दिशेने ५ मीटर सरकले तर ३० मीटरचा पाया प्रत्यक्षात २५ मीटरचा होतो आणि उंची वीस टक्के जास्त मोजली जाते. म्हणून निरीक्षकाने फेकीच्या दिशेच्या काटकोनात, बाजूला उभे राहावे. तेथून पाहताना मॉडेल ५ मीटर आडवे सरकले तरी अंतर ३० चे जेमतेम ३०.४ मीटर होते. कोनमापक कितीही बारीक खुणांचा घेतला तरी जागेची निवड चुकली की त्याचा उपयोग होत नाही.

आता हवेचा हिशेब. यासाठी ग्लायडरचा नाक खाली करून सरळ कोसळतानाचा अंतिम वेग काढावा लागतो, म्हणजे ज्या वेगाला हवेचा विरोध वजनाइतका होतो तो वेग. त्याचा वर्ग असा मिळतो: २ × वजन किलोग्रॅममध्ये × ९.८१, भागिले (हवेची घनता × पंखाचे क्षेत्रफळ × ड्रॅग गुणांक). ड्रॅग गुणांक म्हणजे मॉडेलला हवेचा विरोध किती होतो हे दाखवणारा आकडा. समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सिअस तापमानात हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.१५ किलोग्रॅम धरावी. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या ठिकाणी ती १.०९ च्या आसपास असते, पण या फरकाने अंतिम उत्तर एखाद्या टक्क्यानेच हलते. नीट घासलेल्या बाल्सा ग्लायडरचा चढतानाचा ड्रॅग गुणांक ०.०३ धरला तर आपल्या मॉडेलसाठी हा वर्ग ३९५ येतो, म्हणजे अंतिम वेग जवळजवळ २० मी/से.

पुढची आकडेमोड दिसायला अवघड, पण करायला सोपी आहे. २ × ९.८१ × १२ म्हणजे २३५.४ ला ३९५ ने भागले की ०.५९६ येतात. २.७१८ या संख्येला ०.५९६ हा घातांक दिला की १.८१५ मिळतात, आणि मोबाइलमधल्या शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर त्यासाठी वेगळे बटण असते. माथ्यावरचा तरंगण्याचा वेग ४.५ मी/से धरला तर त्याचा वर्ग २०. तो ३९५ मध्ये मिळवून ४१५ ला १.८१५ ने गुणावे, त्यातून ३९५ वजा करावेत आणि उरलेल्या ३५८ चे वर्गमूळ घ्यावे. उत्तर १९ मी/से, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर. साध्या सूत्राने दिलेल्या ५५ च्या तुलनेत ही वाढ चोवीस टक्क्यांची आहे.

येथे कुणीही विचारील की, ड्रॅग गुणांक ०.०३ च का? प्रश्न रास्त आहे, कारण तो आकडा अंदाजाचाच आहे. पण त्याच्या जागी ०.०२ घातला तर उत्तर १७.९ येते आणि ०.०४ घातला तर २०.१. म्हणजे गुणांक दुप्पट होऊनही वेग मधल्या आकड्यापासून सहा टक्क्यांच्या आसपासच मागेपुढे होतो. एका गोष्टीची मात्र भर घालावी लागते. हे सूत्र सरळ उभ्या चढाचे आहे. मॉडेल घिरटी घेत चढले आणि त्याने कापलेला मार्ग उंचीच्या दीडपट झाला, तर हवेलाही वेग खायला दीडपट वाट मिळते, तेव्हा गुणांकाला दीडने गुणूनच तो सूत्रात घालावा.

व्हिडिओवरून

माझ्या मते एकच पद्धत निवडायची झाली तर ती व्हिडिओची निवडावी, कारण तीच सुटण्याच्या क्षणाच्या सर्वांत जवळ जाते. दोन बांबू सहा मीटरवर रोवून त्यांमधून मॉडेल फेकायचे आणि वेळ मोजायचा, हा प्रकार पुष्कळ जण सुचवतात, पण चक ग्लायडरला तो मानवत नाही. मॉडेल ४.५ मी/से वेगाला तरंगण्यासाठी जुळवलेले असते. तेच १९ मी/से वेगाने त्याच कोनात हवेत घुसले तर पंखावरचा उचल-जोर वजनाच्या सुमारे अठरापट होतो आणि ते सपाट जाण्याऐवजी डोक्यावरून उलटी कोलांटी मारू पाहते. म्हणूनच अनुभवी लोक ते कुशीवर कलते धरून वर फेकतात. शिवाय सपाट गेले असे मानले तरी सहा मीटरांत १९ चा वेग १६.४ वर येतो आणि हाती लागते ती १७.६ ची सरासरी.

त्याऐवजी मॉडेलच्या लांबीलाच मोजपट्टी करावे. मोबाइल स्लो मोशनमध्ये, शक्यतो सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवून, फेकीच्या मार्गापासून आठ-दहा मीटर बाजूला स्टँडवर पक्का बसवावा. हातात धरलेला मोबाइल मॉडेलच्या मागे फिरतो आणि मग पडद्यावरचे अंतर निरुपयोगी ठरते. उजेड भरपूर हवा, कारण शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके उघडले तर १९ मी/से वेगाचे मॉडेल त्या अवधीत दोन सेंटीमीटरच सरकते आणि नाक स्पष्ट दिसते. ढगाळ हवेत शटर शंभराव्या भागापर्यंत उघडे राहिले तर तेच नाक १९ सेंटीमीटर लांबीचा पुसट पट्टा होते.

चित्रफीत फ्रेमगणिक पुढे सरकवून बोट आणि मॉडेल यांच्यात पहिल्यांदा आकाश दिसते ती फ्रेम शोधावी. तेथून बारा फ्रेम पुढे जावे. २४० च्या वेगाने हा काळ ०.०५ सेकंद होतो. समजा, पडद्यावर मॉडेलची लांबी ८० पिक्सेल आहे आणि बारा फ्रेममध्ये नाक १८६ पिक्सेल सरकले. १८६ ला ८० ने भागून ०.४० मीटरने गुणले की ०.९३ मीटर, आणि ते ०.०५ सेकंदात, म्हणजे १८.६ मी/से. हा वेग मधल्या क्षणाचा, सुटल्यापासून ०.०२५ सेकंदानंतरचा आहे. त्या वेळात मॉडेलने सेकंदाला १६ मी/से या दराने गमावलेले ०.४ मी/से परत मिळवले की सुटण्याचा वेग १९ मी/से मिळतो. पिक्सेल मोजण्याचे काम ट्रॅकर हे भौतिकशास्त्राच्या शिक्षणासाठी तयार झालेले मोफत सॉफ्टवेअर चांगले करते, आणि संगणक नसेल तर स्थिर केलेल्या चित्रावर साधी पट्टी ठेवूनही काम भागते.

मॉडेलची लांबी हीच मोजपट्टी केल्याचा मोठा फायदा असा की, फेक कॅमेऱ्याच्या काटकोनापासून वीस अंश तिरकी गेली तर कापलेले अंतर पडद्यावर सहा टक्के आखूड दिसते खरे, पण मॉडेलही तेवढेच आखूड दिसते आणि दोन्ही चुका एकमेकींना काटतात. मॉडेल ठरल्यापेक्षा एक मीटर कॅमेऱ्याच्या जवळून गेले तरी हेच घडते, आणि कुशीवर कलल्याने त्याची नाक-शेपटीची लांबी कमी होत नाही. रोवलेल्या बांबूंना यातले काहीच साधत नाही. फक्त लांबी मोजताना तीच बारा फ्रेममधली, शक्यतो मधली फ्रेम वापरावी.

मोबाइल सेकंदाला खरोखर २४० फ्रेम घेतो की नाही, हेही एकदा तपासून घेणे बरे. भिंतीवर १ मीटर २२.६ सेंटीमीटर उंचीवर खूण करावी, तेथून क्रिकेटचा चेंडू नुसता सोडावा आणि चेंडूची खालची कड खुणेपासून जमिनीला टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. हे अंतर पडायला बरोबर अर्धा सेकंद लागतो, तेव्हा १२० फ्रेम यायला हव्यात. काही मोबाइल उजेड कमी झाला की गुपचूप फ्रेमचा वेग उतरवतात, आणि काही ॲप फाइल साठवताना फ्रेम गाळतात. या चाचणीत दोन्ही लगेच उघडे पडते.

आवाजावरून

मॉडेल थोडे वजन सोसण्याजोगे असेल तर डॉपलर परिणामाचा, म्हणजे आवाज करणारी वस्तू दूर जाताना तिचा स्वर उतरतो याचा, उपयोग करून घेता येतो. छोटा पिझो बझर (एकच स्वर काढणारी विजेवरची चकती) आणि बटण सेल मिळून पाचेक ग्रॅम होतात, म्हणून २५ ग्रॅमच्या ग्लायडरवर ही पद्धत वापरू नये. शंभर ग्रॅमच्या पुढच्या मॉडेलवर बझर गुरुत्वमध्याजवळ चिकटवावा. मोबाइल फेकणाऱ्याच्या खिशात ठेवून आवाज मुद्रित करावा आणि नंतर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार स्वर कसा बदलला याचे चित्र, दाखवणाऱ्या ॲपमध्ये पाहावा. मॉडेल दूर जात असल्याने स्वर उतरलेला ऐकू येतो. ३० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सुमारे ३४९ मी/से असतो. बझर ३००० हर्ट्झचा असेल आणि सुटताच स्वर २८४५ वर आला असेल, तर ३००० ला २८४५ ने भागून १ वजा करावा आणि ३४९ ने गुणावे, म्हणजे १९ मी/से मिळतात. मॉडेल मंदावते तसा स्वर पुन्हा वर सरकत जातो, त्यामुळे वेग कसा घटला याची अखंड रेघच समोर येते, आणि ही सोय दुसऱ्या कोणत्याही घरगुती पद्धतीत नाही. बझरचा मूळ स्वर मात्र सेल उतरला की बदलतो, म्हणून तो प्रत्येक फेकीच्या अगदी आधी, मॉडेल हातात स्थिर धरून नोंदवावा.

वाऱ्याचे काय करायचे

व्हिडिओ आणि आवाज जमिनीच्या हिशेबाने वेग देतात, तर उंची मुख्यतः हवेच्या हिशेबातल्या वेगावर ठरते. समोरून ३ मी/से वारा असेल, म्हणजे झाडाची पाने हलती राहतील आणि चेहऱ्याला झुळूक जाणवेल एवढाच, तर जमिनीच्या हिशेबाने ४५ अंशांच्या चढाने १९ ने सुटलेले मॉडेल हवेत सुमारे २१ ने घुसते आणि त्याची हवेच्या सापेक्ष ऊर्जा सुमारे एक चतुर्थांशाने वाढते. अशा दिवशी उंचीवरून काढलेला वेग फेकणाऱ्याच्या हाताचा नसतो, त्यात वाऱ्याचाही वाटा असतो. वारा मोजून वजा करण्यापेक्षा तो नसताना मोजणी करावी. महाराष्ट्रात पावसाळा सोडला तर सूर्योदयानंतरचा पहिला दीड-दोन तासांचा काळ बहुधा निवांत असतो. अगदी पहाटे व्हिडिओला उजेड पुरत नाही आणि नऊनंतर जमीन तापून हवा वर चढू लागते, म्हणून साधारण साडेसात ते साडेआठ ही वेळ दोन्ही दृष्टींनी चांगली.

गिरकी घेऊन फेकलेली मॉडेले

पंखाचे टोक बोटांत धरून, थाळीफेकीसारखी गिरकी घेऊन फेकल्या जाणाऱ्या रेडिओ नियंत्रित ग्लायडरचा प्रकार वेगळा. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा संघटनेच्या एफ३के या वर्गात त्यांचा पंखविस्तार दीड मीटरपर्यंत आणि वजन ६०० ग्रॅमपर्यंत असू शकते. येथे मॉडेलचा मध्य गिरकीच्या अक्षापासून सुमारे दीड मीटरवर असतो, त्यामुळे हाताचा वेग तोच ठेवूनही मॉडेलला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेग मिळतो. सुटण्यापूर्वीच्या शेवटच्या पाव गिरकीला किती फ्रेम लागल्या हे मोजले की वेग निघतो: २४ फ्रेम म्हणजे ०.१ सेकंद, त्यात ९० अंश (रेडियन या एककात १.५७), म्हणजे सेकंदाला १५.७ रेडियन, त्याला १.५ मीटरने गुणले की २३.६ मी/से. पाव गिरकीची ही सरासरी आहे आणि हात शेवटी झटका देतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा जास्तच असतो. एवढ्या वेगालाही २५० ग्रॅमचे मॉडेल बोटांना साडेनऊ किलो वजनाइतके ओढते, तेव्हा पंखाच्या टोकातली खुंटी कार्बनच्या पट्टीने का पक्की करतात ते कळते.

अशा मॉडेलवर हवेच्या दाबावरून उंची नोंदवणारे यंत्र बहुधा असतेच. समुद्रसपाटीजवळ दर मीटरला दाब सुमारे ११ ते १२ पास्कलने घटतो. यंत्राने ४० मीटर चढ दाखवला, तर शांत हवेत सुटण्याचा वेग २८ मी/से पेक्षा कमी असू शकत नाही. कुणी ४० मीटर उंची आणि ताशी ८० किलोमीटर वेग हे दोन्ही एकाच फेकीबद्दल सांगत असेल, तर त्यांपैकी एक आकडा नक्की चुकलेला आहे. जीपीएसचा वेग मात्र येथे घेऊ नये, कारण सेकंदाला पाच-दहा नोंदी करणारे यंत्र सुटण्याचा क्षण गाठेपर्यंत मॉडेल बरेच मंदावलेले असते.

दोन उत्तरे जुळत नाहीत तेव्हा

एकाच फेकीचा वेग उंचीवरून आणि व्हिडिओवरून असा दोन्ही प्रकारे काढावा. दोन्ही आकडे पाच टक्क्यांच्या आत जुळले तर मोजणी चांगली झाली असे समजावे. न जुळल्यास बहुतेक वेळा व्हिडिओचा आकडा मोठा असतो, आणि तो फरक मॉडेलविषयी काहीतरी सांगत असतो. आपल्या उदाहरणातले मॉडेल व्हिडिओप्रमाणे २१ मी/से वेगाने सुटले आणि तरीही १२ मीटरच चढले, असे समजा. आता वेग आणि उंची ठाऊक आहेत, तर उलट दिशेने, निरनिराळे गुणांक घालून पाहत गेल्यास ०.०४७ च्या आसपास सूत्र जुळते. ०.०३ च्या अपेक्षेपुढे हा आकडा फार मोठा आहे. आधी व्हिडिओत चढाचा मार्ग पाहावा: मॉडेल लांबट घिरटी घेत दीडपट वाट चालले असेल तर हा वाढीव गुणांक त्यातूनच आला आहे आणि फेकीचा कल बदलला की तो उतरेल. मार्ग सरळ असेल तर मात्र शंका मॉडेलवर घ्यावी. बहुधा पंख आणि आडवी शेपटी यांच्यातला कोन जास्त असतो, त्यामुळे चढताना नाक वर उचलले जाते आणि ते दाबून धरण्यात वेग जातो. कधी पंखाची पुढची कड बोथट राहिलेली असते, तर कधी फेकताना पंख डगमगत असतो, आणि तो सुटल्यानंतरच्या पहिल्या वीस-तीस फ्रेममध्ये स्पष्ट दिसतो. कोन कमी करायचा तर शेपटीच्या पुढच्या कडेखाली एका वेळी जाड कागदाएवढीच पट्टी सरकवावी, तरंगणे बिघडले नाही ना हे एका हलक्या फेकीत पाहून घ्यावे, आणि मग पूर्ण ताकदीने फेकून तोच हिशेब पुन्हा करावा.